पांढरी दोन, गंधार कोमल

गिटार विकत घेणाऱ्याला दुकानात तीन गोष्टी फुकट मिळतात: कापडी पिशवी, प्लास्टिकचं पिक आणि ई-ए-डी-जी-बी-ई. पिशवीची चेन पहिल्याच पावसाळ्यात गंजते. पिक सोफ्याच्या फटीत जातं ते पुन्हा दिसत नाही. ई-ए-डी-जी-बी-ई मात्र जन्माला पुरतं. मोबाइलमधल्या ट्यूनरचा काटा हिरवा झाला की माणूस खुंट्यांवरून हात काढतो. त्यानंतर गाणं विरहाचं असो, वाढदिवसाचं असो की गणपतीतल्या ऑर्केस्ट्राचं, तारा आपली जागा सोडत नाहीत.

तंबोऱ्याच्या घरात असं चालत नाही. गायला बसण्याआधी विचारावंच लागतं, आज काय? यमन असेल तर पहिली तार पंचमाला. मालकंस असेल तर त्याला पंचम वर्ज्य, म्हणून ती मध्यमाला उतरवायची. मारवा म्हटलं तर निषादाची सोय बघायची. सतारीच्या तरफा रागाप्रमाणे लावायच्या, काही पडदे सरकवायचे. हे सगळं इतकं सावकाश आणि मन लावून चालतं, की १९७१ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं लावून घेतली, तेव्हा समोरच्या हजारो श्रोत्यांनी ते संपल्यावर टाळ्या वाजवल्या. त्या श्रोत्यांना आपण पन्नास वर्षं हसत आलो. माझं आताशा असं मत होत चाललं आहे, की टाळ्या अगदीच अस्थानी नव्हत्या.

पनवेलमध्ये गिटारी पुष्कळ. संध्याकाळच्या हार्बर लोकलला वाशीला गर्दी उतरली की दाराशी एखादी काळी पिशवी दिसतेच, आणि तिला सांभाळत उभा असलेला एखादा केसाळ मुलगा. खारघर, मानसरोवर, खांदेश्वर करत ती पिशवी पनवेलपर्यंत येते. घरोघरच्या गॅलऱ्यांतून मग तेच चार कॉर्ड त्याच क्रमाने ऐकू येतात. माझ्याकडची गिटार भाच्याची. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जाताना बजावून गेला, ‘‘मामा, अधूनमधून वाजवत जा, नाहीतर मान वाकते.’’ मान म्हणजे गिटारची.

आमचं घर जुन्या पनवेलात, वडाळे तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. जुलैत इथे दारं चौकटीत बसत नाहीत, मीठ डब्यातून निघत नाही आणि गिटारचं पोट फुगतं. तारा आपल्या आपण उतरतात. मग रोज त्यांना चढवून पूर्वपदावर आणण्यापेक्षा उतरल्याच आहेत तर नीट उतरवू या, असा विचार आळशी माणसाला सुचणं स्वाभाविक आहे. शास्त्रात अशा आळसाला ‘ओपन ट्यूनिंग’ असं भारदस्त नाव आहे. सगळ्या मोकळ्या तारा मिळून एक अख्खा कॉर्ड होईल अशी जुळवणी करायची. डाव्या हाताने काहीही न धरता नुसत्या तारा छेडल्या, की कॉर्ड तयार.

यातली बहुतेक लोकप्रिय जुळवणी मेजर कॉर्डची असते. मला हवी होती मायनरची, कारण पाऊस होता. मायनरमध्ये दोन वाटा आहेत. ई मायनर लावायचं तर दोन तारा एकेक पूर्ण स्वर चढवाव्या लागतात, आणि तार एक स्वर चढवली की तिचा ताण पावपट वाढतो. पनवेलची १८५२ सालची नगरपालिका २०१६ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा अख्ख्या गावाची खुंटी अशीच चढली, आणि गाव अजून त्या ताणाला सरावतं आहे. भाच्याच्या गिटारवर असा प्रयोग नको. दुसरी वाट डी मायनरची. जाड तारेपासून मोजलं तर डी-ए-डी-एफ-ए-डी. पाचवी आणि चौथी तार आहे तिथेच राहते. उरलेल्या चार एकेक स्वराने खाली येतात, त्यांचा ताण साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो आणि वाद्य खांदे सैल सोडून बसतं.

पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी दोनचा सा धरायचा. मग सहा तारा होतात सा, प, सा, कोमल ग, प, सा. तो एक गंधार बाजूला ठेवला तर उरतो तो तंबोराच. अंगठा सहाव्या तारेवरून पहिलीपर्यंत ओढत न्यायचा, घाई करायची नाही. जाड सा आधी नुसताच हलतो, त्याचा आवाज होईपर्यंत पंचम सुरू झालेला असतो, वरचा सा त्या दोघांना एकत्र बांधतो आणि आता सगळं सुरळीत आहे असं वाटेपर्यंत तिसऱ्या तारेवरून कोमल गंधार येतो. त्यानंतर घराचा प्रकाश एका पायरीने खाली येतो. ट्यूबलाइट चालू असली तरी.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘‘अहो, कोणाचं काही झालं का?’’

‘‘कोणाचं काही नाही. गिटार लावतोय.’’

‘‘मग लावून झाल्यावर काहीतरी बरं वाजवा.’’

तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावर पेटीचा क्लास घेणारे काका उभे होते. वय ऐंशीच्या घरात, कान विशीतले. फडके नाट्यगृहात गाण्याचा कार्यक्रम असला की दुसऱ्या रांगेत डोळे मिटून बसलेले असतात आणि निवेदक बोलायला लागला की घोरतात.

‘‘काय रे, तंबोरा आणलास की काय?’’

‘‘नाही काका, गिटार आहे.’’

‘‘मग असं शहाण्यासारखं काय वाजतंय?’’

मी त्यांना तारा ऐकवल्या. पहिल्या तीन तारांना काका मान डोलवत होते. चौथ्या स्वराला मान थांबली.

‘‘हा गंधार कशाला घातलास मध्ये? तंबोऱ्यात गंधार लावायचा नसतो. तो आपला आपण येतो.’’

काका म्हणाले ते अक्षरशः खरं आहे. तंबोऱ्याच्या चार तारांत कुठेही गंधार लावलेला नसतो, पण जवारी नीट असेल तर षड्जाच्या तारेतून शुद्ध गंधार स्पष्ट ऐकू येतो. त्याला गाणारे स्वयंभू गंधार म्हणतात. कारण साधं आहे. कुठलीही तार पूर्ण लांबीने हलते तशीच अर्ध्यात, तिसऱ्या भागात, चौथ्या भागात, पाचव्या भागातही हलत असते, आणि त्या पाचव्या हिश्शाचा नाद म्हणजे दोन सप्तकं वरचा शुद्ध गंधार. मिरजेचे कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत बसतात ते हाच गंधार मोकळा करण्यासाठी. फरीदसाहेब शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत हा धंदा रुजवला आणि २०२४ साली मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळालं ते भोपळ्याला, लाकडाला आणि हाताला. स्वयंभू गंधारावर कुठल्या गावाने हक्क सांगावा?

गिटारला जवारी नसते, पण स्वयंभू गंधार तिच्यातही असतो. सहावी तार चौथ्या पडद्याच्या वर बोटाने नुसती शिवायची, दाबायची नाही, आणि घोडीजवळ छेडायची. एक बारीक, काचेवर नखाने टिचकी मारल्यासारखा स्वर निघतो. तोच तो. काकांनी तो ऐकला आणि म्हणाले, ‘‘म्हणजे आहे की अंगात.’’

आता गंमत बघा. या जुळवणीत जाड तार सेकंदाला ७३ वेळा हलते. तिचा पाचवा नाद, म्हणजे स्वयंभू शुद्ध गंधार, ३६७ च्या आसपास. तिसरी तार आपण मुद्दाम कोमल गंधाराला लावली, तिचा दुसरा नाद ३४९. हे दोघं एका वेळी, एकाच लाकडी पेटीत, अठरा कंपनांच्या अंतरावर वाजत असतात. जाड तार म्हणत असते शुद्ध, पातळ तार म्हणत असते कोमल. मेजर कॉर्ड सरळ वाजतो कारण त्यात तारांच्या अंगात असलेलंच आपण मोठ्याने बोलतो. मायनरमध्ये आपण तारेच्या मनाविरुद्ध एक स्वर घरात आणून बसवलेला असतो. मायनर कॉर्डला जो भरलेपणा आहे, जी खोली आहे, ती मला वाटतं या कुरबुरीची आहे. दोघंही नेहमी पट्टीत बोलतात, म्हणून बाहेरच्याला भांडण ऐकू येत नाही, नुसतं घर भरल्यासारखं वाटतं.

गिटारच्या क्लासात पहिल्याच आठवड्यात एक सूत्र पाठ करून घेतात: मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे दुःखी. मुलं ते इतक्या निष्ठेने मानतात की प्रेमभंग झाल्याशिवाय ए मायनर धरत नाहीत. आपल्याकडे कोमल गंधाराला असलं सुतक कधी लागलं नाही. काफी थाटात गंधार कोमल आणि त्या काफीत होळी गायची, रंग उडवायचे. पिलूत दादरा, ठुमरी, सगळा चावटपणा. भीमपलासी दुपारची, तिच्यात हुरहुर आहे, पण रडू नाही. मियाँ मल्हारातला गंधार तर आभाळाच्या गडगडाटासकट येतो, आणि मियाँ मल्हार ऐकून छत्री आठवते, स्मशान नव्हे. भातखंड्यांनी रागांची दहा थाटांत वाटणी केली तेव्हा कुठल्याच थाटावर ‘दुःखी’ अशी चिठ्ठी चिकटवली नाही. म्हणून बायकोने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर असं होतं, की कोणाचं काही झालेलं नाही, फक्त तिसरी तार उतरली आहे. पण आमटी गॅसवर असताना ही चर्चा वाढवू नये.

अर्थात या जुळवणीचा सर्वांत मोठा उस्ताद दुःखाचाच होता, हे मान्य करायला हवं. मिसिसिपीतल्या बेंटोनिया गावचा स्किप जेम्स. जन्म १९०२. त्या गावात अशी मायनर जुळवणी वाजवायची चाल होती. ती हेन्री स्टकीने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये बहामा बेटांवरच्या शिपायांकडून आणली, असं सांगतात. स्किप जेम्स तिला ‘क्रॉस-नोट’ म्हणायचा. १९३१ च्या फेब्रुवारीत तो विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला पॅरामाउंट कंपनीच्या स्टुडिओत गेला आणि पुढे जगभरच्या गिटारवाल्यांनी कान टेकून ऐकलेली गाणी त्याने तिथे म्हटली. वर बारीक, भुतासारखा आवाज, खाली ही मोकळी मायनर गिटार. महामंदीचे दिवस, तबकड्या खपल्या नाहीत. तो गाणं सोडून धर्मोपदेशाकडे वळला. १९६४ साली काही तरुण वेडे त्याला शोधत शोधत टुनिका गावच्या इस्पितळात पोचले आणि त्याच उन्हाळ्यात तो न्यूपोर्टच्या महोत्सवात वाजवत होता. तेहेतीस वर्षं मधली गेली. १९६९ मध्ये तो वारला. या जुळवणीतली त्याची तबकडी घेऊन बसा, मोकळा कोमल गंधार ऐकू येतो.

जुळवणी बदलून वाजवणाऱ्यांची यादी मोठी आहे आणि प्रत्येकाची कारणं निराळी. कॅनडाच्या जोनी मिचेलला नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात दुबळा राहिला, अवघड कॉर्ड धरवेनात. तिने बोटांना शिक्षा करण्याऐवजी खुंट्या पिळल्या आणि पन्नासहून जास्त जुळवण्या काढल्या. इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने मोरोक्कोत ऊद वाजवणाऱ्यांना ऐकून डी-ए-डी-जी-ए-डी लोकप्रिय केली. आपल्या हिशेबाने ती सा, प, सा, म, प, सा. तिच्यात गंधारच नाही, ना शुद्ध ना कोमल. निवडणुकीच्या काळात ही जुळवणी फार सोयीची. तिच्यातला मध्यम एक स्वर खाली आणला की आपली मायनर होते, म्हणजे तटस्थ माणसाने शेवटी मत दिलं असं समजायचं. आपल्याकडे ब्रिजभूषण काबरांनी हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेतली आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये ती शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरासियांच्या बासरीशेजारी नेऊन बसवली. पुढे विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफा चढवल्या आणि १९९४ मध्ये ग्रॅमी घेतलं. तात्पर्य, गिटार आपल्याकडे आली की थोड्याच दिवसांत तिला कोणीतरी विचारतं, तुझा सा कुठला?

काकांनी मला हाच प्रश्न विचारला आणि वर दुसरा विचारला: ‘‘हा गंधार कोणी लावला?’’

‘‘ट्यूनरने. अगदी बरोबर आहे, काटा हिरवा आहे.’’

‘‘काटा हिरवा असेल, गंधार कच्चा आहे.’’

मोबाइल म्हणत होता १७४.६. काकांनी तिसरी आणि दुसरी तार एकत्र छेडायला लावली. नीट ऐकल्यावर आवाजात एक लाट होती, भरभर हलणारी, सेकंदाला सातेक वेळा. काका म्हणाले, चढव. खुंटी केसभर फिरवली. लाट सावकाश झाली. अजून चढव. लाट आणखी लांबली, मग थांबली, आणि दोन तारांचा एक आवाज झाला. मोबाइलवर आता काटा लाल, आकडा १७६. आमच्या दोघांच्या चेहऱ्यावर समाधान, यंत्राच्या तोंडावर तीव्र नापसंती.

याचा हिशेब महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी मांडून झालेला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यांनी तारांची लांबी मोजली, आणि पडताळा घ्यायला गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. श्रुतींच्या हिशेबात कोमल गंधार दोन आहेत: एक षड्जाच्या ३२/२७ पट, दुसरा ६/५ पट. गिटारचा पडदा आणि मोबाइलचा काटा त्या दोघांच्या मधोमध कुठेतरी उभे असतात, म्हणजे कोणाच्याच घरी जेवत नाहीत. काकांनी लावला तो ६/५ चा. ज्यांचा उभा जन्म पेटीवर गेला, त्यांनी यंत्राच्या गंधाराला कच्चा म्हणावं यात थोडी विसंगती आहे. पेटीच्या पट्ट्यासुद्धा त्याच सरासरीच्या सुरात लावलेल्या असतात, आणि याच कारणाने ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला दाराबाहेर उभं केलं ते सुमारे तीन दशकं. मी हे हळूच सुचवलं. काका म्हणाले, ‘‘म्हणूनच सांगतोय. आयुष्यभर मिळाला नाही, आता मिळतोय तर घेऊ दे.’’

आता या जुळवणीची खरी लबाडी सांगतो. मोकळी तार बोटाने चढते, उतरत नाही. म्हणजे गिटार मेजरमध्ये लावलेली असेल तर तिच्यातला शुद्ध गंधार कोमल करायला तुमच्यापाशी उपाय नाही. मायनरमध्ये लावली असेल तर तिसऱ्या तारेवर, पहिल्या पडद्यात, एक बोट ठेवा. एफचा एफ शार्प होतो आणि सगळा कॉर्ड मेजर. बोट उचला, परत मायनर. या वाद्यावर काहीही न करता बसलं की मायनर वाजतो आणि मेजरला एक बोट खर्ची घालावं लागतं. मी बायकोला हे करून दाखवलं. तिने विचारलं, ‘‘मग बोट ठेवूनच का नाही वाजवत?’’ या प्रश्नाला संगीतशास्त्रात उत्तर नाही.

त्यातही एक पाचर आहे. काकांच्या आग्रहाने गंधार चढवलेला, त्यावर पडदा आपला सरासरीचा अर्धा स्वर आणखी चढवतो, तेव्हा होणारा शुद्ध गंधार चांगलाच वर जातो आणि कानाला टोचतो. मायनर गोड करावा तर मेजर आंबट होतो. दोन्ही एकदम हवे असतील तर ट्यूनरचा हिरवा काटा मुकाट्याने मानायचा. मी गाणं मायनरमध्येच राहणार असेल त्या दिवशी काकांचा गंधार ठेवतो, नाहीतर मोबाइलचा.

आणि एकदा खुंट्या लागल्या की बोटांना जी चैन आहे ती ई-ए-डी-जी-बी-ईमध्ये वर्षभर रियाज करून मिळत नाही. तर्जनी पाचव्या पडद्यावर आडवी घातली की जी मायनर, सातव्यावर ए मायनर. दुसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्यात एक बोट ठेवलं की कोमल निषाद येऊन बसतो. सहावी तार गाळून पाचवीवर पहिल्या पडद्यात बोट ठेवलं तर कोमल धैवताच्या पायावर अख्खी इमारत उभी राहते, जिला गिटारवाले बी-फ्लॅट मेजर सेव्हन म्हणतात. नेहमीच्या जुळवणीत तिच्यासाठी बोटांची कसरत करावी लागते, इथे काम एका बोटाचं. पण माझं सर्वांत आवडतं निराळंच. चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यात बोट ठेवायचं. तिथे रिषभ येतो, आणि त्याच्या शेजारी मोकळ्या तिसऱ्या तारेवर कोमल गंधार. दोघांत अर्ध्या स्वराचंच अंतर, दोघंही गुणगुणत राहतात आणि त्यांच्यामध्ये सेकंदाला दहाएक लाटा उठतात. पेटीवर या दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर काका वाटी फेकून मारतील. गिटारवर, खाली सा आणि प गुंजत असताना, त्याच दोन स्वरांना एक रेशमी कड येते. पाऊस जोरात असेल तर हा कॉर्ड मी दोन-दोन मिनिटं सोडत नाही. शेजाऱ्यांना वाटतं मी पुढचा विसरलो.

काकांना मात्र कॉर्डचं फारसं कौतुक नाही. त्यांच्या मते स्वर एकामागून एक यावेत, एकदम आले की ती लोकलची गर्दी. त्यांची तक्रार निराळी होती. ‘‘तुझा हा गंधार पुतळ्यासारखा उभा आहे. दरबारीचा गंधार कसा हलतो? आंदोलन कुठंय?’’

मोकळ्या तारेला आंदोलन कसं देणार? मी तेच म्हटलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि गिटारची मान पहिल्यांदाच नीट न्याहाळली. मानेच्या टोकाला ती पांढरी पट्टी असते, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात, गिटारवाले तिला नट म्हणतात. तिच्या मागे, पट्टी आणि खुंटी यांच्यामध्ये, तारेचा एक वितीपेक्षाही छोटा तुकडा मोकळा असतो. तिथे कधी कोणाचं लक्ष जात नाही. काकांनी त्या तुकड्यावर अंगठा ठेवला. ‘‘छेड.’’ मी तिसरी तार छेडली, काकांनी अंगठ्याने मागे हलकेच दाब दिला, सोडला, पुन्हा दिला. गंधार हलला. पेटीवाल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने स्वर हलवला होता. त्यांनी तो इतक्या वेळा हलवला की शेवटी मला सांगावं लागलं, काका, तार तुटेल.

तार तुटली नाही, पण हिंमत वाढली. ‘‘आता मालकंस,’’ काका म्हणाले.

मालकंसाला पंचम चालत नाही. म्हणजे पाचवी तार आणि दुसरी तार, दोन्ही ए-वरून जी-वर, मध्यमाला. डी-जी-डी-एफ-जी-डी. सा, म, सा, कोमल ग, म, सा. पाचवी तार सरळ आली. दुसरी तार मुळात बी-ची. तिला एकूण चार अर्धे स्वर उतरवल्यावर ती तार म्हणून ओळख द्यायला तयार होईना, छेडली की पडद्यांवर फडफडायची. काकांनी कान लावला, खुंटी मागेपुढे केली, आणि निदान केलं: तार पातळ आहे, जाड घालायला हवी. धोबी तलावला वाद्यांची दुकानं आहेत, सुटी तार मिळेल, रविवारी जाऊ या, मला पेटीचा भाताही दाखवायचा आहे, असा सगळा बेत त्यांनी उभ्या उभ्या ठरवला. मी मोबाइल उघडून बघितलं. रविवारी हार्बरला मेगाब्लॉक आहे.